शेवटच्या कोपऱ्यातली ज्वारी

तुम्ही विकलेली वस्तू कधी परत आली आणि खोकं उघडल्यावर आतून भलतंच काही निघालं, असं तुमच्या बाबतीत झालं आहे का? आमच्या बाबतीत झालं आहे. त्यामुळे कोणी म्हणालं, "ऑनलाइन धंदा म्हणजे काय, घरबसल्या आराम," की आम्ही तिघी एकमेकींकडे बघतो आणि त्या माणसाला आधी चहा देतो. ऐकायला वेळ लागतो म्हणून.

गोधड्या शिवणाऱ्या घरात चिंध्या साठतात, तसे हे किस्से साठले. चिंधी टाकवत नाही. कुठं ना कुठं तिचा जोड लागतोच. किश्श्यांचंही तसंच आहे.

आम्ही तिघी रिसोडच्या एकाच गल्लीतल्या. मी सुमन, गल्लीची काकू. दहावी झालेली, म्हणून फोन माझ्याकडे. नसीमभाभी कापड बेततात आणि तुकडे जोडतात. त्यांच्या हातात कात्री असते, पण धार तोंडाला जास्त. आणि शीला टाके घालते. मुंग्यांची रांग चालावी तसे तिचे टाके चालतात. गोधडी पुरी होत आली की शेवटचा कोपरा शिवण्याआधी आम्ही त्यात भाजलेल्या ज्वारीची इवलीशी पुरचुंडी घालतो. माझ्या सासूबाईंची ही रीत. त्या म्हणायच्या, "रिकाम्या पोटानं गोधडी कोणाच्या घरी पाठवू नये." भाजलेली अशासाठी, की धुतल्यावर कोंब फुटू नये.

शीला आधी दरवर्षी दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊस तोडायला जायची. लेकरं कधी सोबत, कधी सासूजवळ. फोनवर गोधड्यांचं दुकान चालू झालं तेव्हापासून ती गेली नाही. नवरा इथंच धान्याच्या बाजारात हमाली करू लागला आणि लेकरं वर्षभर एकाच शाळेत बसू लागली.

म्हणून दुकान बंद पडणं म्हणजे काय, हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. ज्या ॲपवर आमचं दुकान आहे त्या कंपनीचा नियम असा, की गिऱ्हाइकांच्या तीन तक्रारी खऱ्या धरल्या गेल्या की दुकानाला कुलूप. तक्रार खरी असणं वेगळं आणि खरी धरली जाणं वेगळं, हे आम्ही लवकरच शिकलो.

*

पहिला किस्सा ॲपवर यायच्या आधीचा. तेव्हा आम्ही व्हॉट्सॲपवरच ऑर्डर घ्यायचो. एका गृहस्थांनी दोन गोधड्या पसंत केल्या आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. खात्यात काही आलं नाही. मी तसं कळवलं.

ते म्हणाले, सर्व्हर स्लो आहे, येतील, तुम्ही पार्सल तर पाठवा. दुपारी पुन्हा तोच स्क्रीनशॉट, या वेळी आकड्याभोवती लाल गोल काढून. संध्याकाळी ते रागावले. माणसावर विश्वास नाही का, असं विचारलं.

मला वाईट वाटलं. एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल? मी खोकं घेतलं आणि गोधड्या भरायला लागले.

नसीमभाभींनी खोकं माझ्या हातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, फोन घ्या, मी सांगते तसं लिहा. मी लिहिलं.

"ज्या गाडीनं तुमचे पैसे निघाले, त्याच गाडीत गोधड्या बसवल्या आहेत. दोन्ही सोबतच पोचतील."

त्यांचा पुन्हा मेसेज आला नाही. ती गाडी अजून रस्त्यातच असावी!

*

दुसरे एक साहेब तर फार मोठ्या हुद्द्यावरचे. निदान फोटोत तसे दिसत होते. त्यांना ऑफिसातल्या सगळ्यांना भेट द्यायला खूप गोधड्या हव्या होत्या, भाव न करता. आम्ही तिघी त्या दिवशी जमिनीपासून वीतभर वर चालत होतो.

साहेबांनी फोनवर एक चौकोनी कोड पाठवला आणि म्हणाले, "हा स्कॅन करा, पिन टाका, की ॲडव्हान्स तुमच्या खात्यात जमा."

मी स्कॅन केला. पिनचे दोन आकडे टाकलेसुद्धा. शीला माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"काकू, थांबा. आपल्या किराणावाल्याले कोनी पैसे देते, तवा तो गल्ला आपल्या हातानं उघडते का गिऱ्हाइकाले चावी देते?"

माझं बोट तिथंच थांबलं. मी साहेबांना विचारलं, पैसे तुम्ही देणार, मग कुलूप माझं का उघडायचं?

साहेबांचा आवाज एकदम बदलला. म्हणाले, "तुम्हाला ऑनलाइनमधलं काही कळत नाही, बाई."

मी खरं तेच सांगितलं. "हो साहेब. म्हणून तर वाचले."

*

ॲपवर आल्यावर पहिली तक्रार आली ती रिकाम्या खोक्याची. गिऱ्हाइकाचं म्हणणं, खोकं आलं पण आत गोधडीच नव्हती. कुरियर पोचवणारे गजाननभाऊ म्हणाले, यापुढं पॅक करताना व्हिडिओ काढत जा, तोच पुरावा.

पण व्हिडिओ आमच्याकडे होता! त्या खोक्याचा आम्ही हौसेनं काढला होता, तो आमचा पहिलाच व्हिडिओ. शीलानं ठेवणीतली साडी नेसली होती, डोक्यावर पदर घेतला होता, खोक्याला कुंकू लावलं होतं. नसीमभाभींनी फोन धरला होता. गल्लीतल्या दोघी-तिघी बघायला आल्या होत्या, त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या. मी तो सगळा व्हिडिओ कंपनीला पाठवून दिला आणि निर्धास्त झाले.

कंपनीचं उत्तर आलं की व्हिडिओत वस्तू दिसत नाही.

आम्ही पुन्हा लावून बघितला. खरंच दिसत नव्हती. लग्नाकार्यात फोटो काढताना आपण माणसांचे चेहरे धरतो, तसा नसीमभाभींनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत शीलाचा चेहरा धरला होता. गोधडी, खोकं, कुंकू, सगळं खाली राहिलं होतं. वर फक्त शीला, हसरी, मधूनमधून पदर सारखा करणारी.

शीलाला ते उत्तर फार लागलं. "गोधडी नाई दिसत, पन मी त दिसतो ना? मी का खोटी वाटतो त्याइले?"

तक्रार खरी धरली गेली. पहिली.

तेव्हापासून व्हिडिओत शीलाचे फक्त हात असतात. तरी ती साडी ठेवणीतलीच नेसते.

*

दुसऱ्या तक्रारीतली गोधडी परत आली. गिऱ्हाइकानं लिहिलं होतं, "रंग आवडला नाही." गजाननभाऊंनी खोकं ओट्यावर ठेवलं तेव्हा ते जरा कण्हले. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण गोधडी उचलताना कोणी कण्हत नाही.

उघडलं तर आत वीट. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली, चांगली भाजलेली, लालबुंद वीट.

मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. हा आकडा दाबा, तो आकडा दाबा करत शेवटी एक मुलगी बोलली. गोड आवाज. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपको हुई असुविधा के लिए हमें खेद है।" मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा मी विचारलं, "बेटा, वीट पांघरून झोपता येतं का गं?"

पलीकडून हसू आलं, अगदी खरं हसू. मग ते घाईनं दाबल्यासारखं झालं आणि पुन्हा खेद आला.

फोन ठेवला तेवढ्यात कंपनीचा मेसेज. तुमची वस्तू तुम्हाला सुरक्षित परत मिळाली आहे, अभिनंदन!

मी विटेचे फोटो पाठवले. कंपनी म्हणाली, ही वीट आमच्या खोक्यातून निघाली कशावरून? दुसरी तक्रारही खरी धरली गेली. आता एक उरली होती.

शेवटी नसीमभाभी उठल्या. त्यांच्या शिलाई मशीनचा एक पाय फार दिवसांपासून डुगडुगत होता. त्यांनी वीट त्याच्याखाली सरकवली, मशीन हलवून बघितलं आणि म्हणाल्या, "चलो, उसने कुछ तो सीधा किया।"

*

हिवाळ्यात एका बाईंनी गोधडी परत पाठवली. तक्रार अशी, की कापड टोचतं, एकदाही वापरलेली नाही. खोकं उघडण्याआधी शीलानं ते हातात तोलून बघितलं. पण आत गोधडीच होती, आमचीच. झटकली तर घडीतून बाळाचा मोजा पडला. अंगठ्याएवढा, पिवळा.

शीला हरखली. "काकू, पुरावा! वापरली नाई म्हन्ते अन् लेकरू त निजलं तिच्यात. काढा फोटो, टाका कंपनीले."

तिचं बरोबरच होतं. पण मोजा हातात घेतल्यावर मला फोटो काढवेना. थंडीचे दिवस आणि बाळाचा एक पाय उघडा. मी तो मोजा धुतला, उन्हात वाळवला आणि त्या बाईंच्या पत्त्यावर पाठवून दिला. सोबत दोन ओळी लिहिल्या, "बाळाचा मोजा आमच्याकडे राहिला होता. थंडी फार आहे."

शीला दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली. दुकान बुडालं तर ऊस तोडायचा कोयता तिच्या हाती येणार होता, माझ्या नाही. ती तसं बोलली नाही, पण मला ते कळत होतं.

मग एका दुपारी तक्रार मागं घेतल्याचा मेसेज आला. पाठोपाठ त्याच बाईंची ऑर्डर आली आणि खाली लिहिलं होतं, "तीच गोधडी पाठवा. दुसरी नको."

परत का केली होती, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

शीला पॅक करताना पुटपुटली, "वकील करन्यापरीस मोजा सस्ता पडला, बाप्पा."

*

आता शेवटचं सांगते.

आमच्या सगळ्या गोधड्यांत एक फार जिवाची होती. तिच्या मधोमध शीलाच्या आईच्या लुगड्याचा हिरवा काठ होता. ती ॲपवर टाकायला शीला तयार नव्हती, पण मग स्वतःच म्हणाली, पेटीत ठेवली तर कसर खाईल, कोणाच्या अंगावर तरी जाऊ द्या. एका मोठ्या शहरातल्या माणसानं ती घेतली. घेण्याआधी लांबी-रुंदी विचारायला त्यानं मला व्हॉट्सॲपवर मेसेजही केला होता.

गोधडी पोचली आणि तक्रार आली. माल नकली आहे, हातशिलाईच्या नावाखाली छापील गोधडी पाठवली आहे, असं त्याचं म्हणणं. परत आलेल्या खोक्यातून खरंच छापील गोधडी निघाली. तुकडे जोडलेले नव्हते, तुकड्यांची चित्रं छापलेली होती. मधोमध हिरवा पट्टासुद्धा, कुठून शोधून आणला होता कोण जाणे.

शीलानं ती हातात घेतली आणि बराच वेळ त्या छापील टाक्यांवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "माह्या मायचं लुगडं ठेवून घेतलं त्यानं."

आमचा व्हिडिओ या वेळी चांगला होता. पण गोधडी घडी करून भरलेली, त्यामुळे टाके शिवलेले की छापलेले हे वरून कळत नाही, असं कंपनी म्हणाली. मी परत आलेल्या गोधडीचे चारही कोपरे कॅमेऱ्यासमोर उसवून दाखवले. कुठंच ज्वारी नव्हती. कंपनीचं म्हणणं, ती घालायची तुम्हीच विसरला असाल. उद्यापर्यंत दुसरा पुरावा द्या, नाहीतर तक्रार खरी धरू.

म्हणजे तिसरी.

त्याच दुपारी ऊसतोडीची टोळी जमवणारा मुकादम शीलाच्या दारात येऊन गेला. त्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती आणि त्याला नवरा-बायकोची एक जोडी कमी पडत होती. शीलाच्या नवऱ्यानं नाही म्हटलं नाही. तो शीलाला एवढंच म्हणाला, "तुह्या दुकानाचा भरोसा असन त सांग. नाई त मी त्याले हो म्हन्तो."

शीला माझ्याकडे आली तेव्हा तिनं हे सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. बस म्हटलं तरी बसली नाही.

मी बसून विचार केला. एका गोधडीत ज्वारी नाही, यावरून काही ठरत नसेल, तर सगळ्या गोधड्यांत आहे हे दाखवता येईल. ज्वारीचं आम्ही गिऱ्हाइकांना कधी सांगितलंच नव्हतं. सांगायचं असतं, हेच सुचलं नव्हतं. मी मेसेज लिहिला, "नमस्कार. आमच्या गोधडीचा एक कोपरा हाताला थोडा जाड लागेल. तो बोटांनी दाबून बघा. आत ज्वारीची पुरचुंडी आहे. असेल तर कृपा करून व्हिडिओ काढून पाठवा. आमचं दुकान त्यावर अवलंबून आहे."

फोनमध्ये जितक्या गिऱ्हाइकांचे मेसेज होते, त्या सगळ्यांना मी तो एकेक करून पाठवला.

दुपार कलली तशी उत्तरं यायला लागली. एक निवृत्त मास्तर म्हणाले, मी इतके दिवस ती गाठ समजत होतो आणि तुम्हाला मनातून नावं ठेवत होतो, माफ करा. एका मुलीनं वसतिगृहातून व्हिडिओ पाठवला, खोलीतल्या सगळ्या मैत्रिणी एका कोपऱ्यावर वाकलेल्या. मोज्यावाल्या बाईंचा व्हिडिओ आला, त्यात काहीच बोलणं नव्हतं. बाळ झोपत होतं आणि झोपता झोपता तोच कोपरा दोन बोटांत चोळत होतं.

नसीमभाभी एकेक व्हिडिओ बघत होत्या आणि डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं करत होत्या. मी ते सगळे कंपनीला पाठवत होते. शीला फोनवरची नावं खाली खाली सरकवत होती. एका नावावर ती थांबली.

"काकू. त्या मानसालेबी पाठवलं तुमी?"

मी बघितलं. पाठवलं होतं. हळदीकुंकवाचं बोलावणं करताना एक घर सुटू नये, ही जन्माची सवय. ज्यानं छापील गोधडी पाठवली, त्यालाच मी ज्वारीचं गुपित सांगून बसले होते.

"चोराले कुलपाची चावी देल्ली," शीला हळूच म्हणाली आणि आता कुठं खाली बसली. आता तो काहीही म्हणू शकत होता. कोपऱ्यात दाणे पाहिलेच नाहीत म्हणू शकत होता, आम्हीच गोष्ट रचली म्हणू शकत होता.

दिवेलागण झाली. नसीमभाभी घरी जायला उठल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला. त्याच माणसाच्या नंबरवरून व्हिडिओ.

आम्ही तिघींनी डोकी एकत्र करून बघितला. आधी छत दिसलं, मग कोणाचा तरी पाय, मग पलंग. पलंगावर आमची गोधडी, मधोमध हिरवा काठ. म्हाताऱ्या हाताची दोन बोटं कोपरा चाचपत होती. आवाज बाईचा, थकलेला, पण खुशीतला.

"बाई, मी त्याची आई बोलते. तो आंघोळीला गेलाय, फोन इथंच उघडा राहिला, त्यात तुमचा मेसेज दिसला. हो गं, आहेत दाणे! आमच्या आईच्या गोधडीतसुद्धा असायचे. किती वर्षांनी हाताला लागले. तुमची ज्वारी कुठली गं?"

व्हिडिओ संपला. शीलानं तो पुन्हा लावला आणि हिरव्या काठावर थांबवला.

मग नसीमभाभी म्हणाल्या, "पहले उस माँ को जवाब दो। कंपनी बाद में।"

मी लिहिलं, "घरची आहे, माय. गोधडी अंगावर घेत जा. थंडी आहे."

त्यानंतर तोच व्हिडिओ कंपनीला पाठवायचा होता. माझं बोट जरा थांबलं. शीला उंबरठ्याशी उभी होती, पाठमोरी, तिच्या घराकडे बघत. मी बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार फेटाळल्याचा मेसेज आला, आणि मुकादमाची गाडी शीलाच्या दारावरून न थांबता गेली.